वहीत न मांडलेले हात

पत्रिकेत विषय छापलाय 'किनाऱ्यावरचा जुना खाणावळवाला आणि त्याचं कुटुंब'. कुटुंबाकडे येतोच, पण तिकडची वाट वाटपावरून, म्हणजे कालवणासाठी वाटलेल्या खोबऱ्यावरून जाते. हायवेवर 'अस्सल मालवणी' अशी पाटी दिसली की आत एकच लाल ग्रेव्ही असते. तीच बांगड्यावर, तीच सुरमईवर, तीच कोंबडीवर. उद्या पनीरवर ओततील. (हशा.) ओततातच म्हणे!

जुन्या खाणावळीत हे चाललं नसतं. बांगड्याला तिरफळ हा मसाला लागतो. त्यातली काळी बी काढून टाकायची आणि साल नुसती ठेचून उकळत्या कालवणात सोडायची. पाट्यावर वाटलीत तर कडवटपणा उतरतो. कोकमाची सोलं शेवटाकडे. मासळी घातल्यावर डाव फिरवायचा नाही, टोप दोन्ही कानांना धरून हलवायचा, नाहीतर तुकडे मोडतात आणि गिऱ्हाइकाच्या ताटात नुसते काटे जातात.

आता वाटप. मध्यम नारळ चार-पाच ताटांना पुरतो. दुपारची तीस ताटं धरा, म्हणजे सहा-सात नारळ. ते सोलायचे, फोडायचे, विळीवर खवायचे, भिजवलेल्या मिरच्या आणि धण्यांबरोबर पाट्यावर वाटायचे. पाणी एकदम ओतलं तर खोबरं वरवंट्याखालून निसटतं. भरड राहिलं तर चोथा तळाला आणि पाणी वर. बारीक म्हणजे गंधासारखं. बरं, रात्रीचं सकाळीच वाटून ठेवू म्हणाल, तर ओलं खोबरं उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबतं. म्हणून पाटा दिवसातून दोनदा. सोलकढीचा नारळ वेगळाच. तिच्यात पडणारं आगळ, म्हणजे कोकमाचा रस, मुळात खारट, तेव्हा मीठ चाखूनच घाला. आणि ती चुलीवर चढवू नका, फुटते. तांदूळ उकडा, कारण मोकळा राहतो आणि उशिरा आलेल्यालाही वाढता येतो.

चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. तीन लिहिली असती तरी मी पाचच घेतली असती.

तर कुटुंब. पडवीत पंगत, माजघरात कोठी, मागे चूल. मालक पहाटे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात तिथं, किंवा मासळीच्या लिलावाला, मग गल्ल्यावर. पाटा त्याच्या बायकोकडे, खवणं आईकडे, पाणी आणि भांडी मुलींकडे. थोरला वाढतो आणि मिसरूड फुटलं की मुंबईला जातो. वहीत मासळी, तांदूळ, नारळ, लाकडं, पोऱ्याचा पगार, सगळं पैशापैशानं मांडलेलं. बायकोची, आईची, मुलींची मजुरी मात्र कुठल्याच रकान्यात नाही. ताट स्वस्त पडायचं ते म्हणून. लोक मालकाच्या हिशेबीपणाचं कौतुक करतात, मला ते पटत नाही.

घाईत सांगतो. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांत आगबोटीचा उतारू हे रोखीचं गिऱ्हाईक. पावसाळ्यात बोटी बंद. मग उरायचे मास्तर, कारकून, पोस्टातले, म्हणजे महिनेवाले, आणि त्यांची उधारी पगारापर्यंत. ताटात सुके बोंबील, सोडे, जवळा. लाकडं मे महिन्यातच भरून ठेवायची, ओली जळली तर भाताला धुराचा वास. पुढे आगबोटी गेल्या, गिऱ्हाईक एसटी स्टँडवर आलं. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. रेल्वेनं खाणावळी बुडवल्या असं सगळे म्हणतात. अहो, जेवणारे कमी झाले नाहीत, वाढले! मुली सासरी गेल्या, सून शाळेत शिक्षिका झाली (आणि उत्तम केलं तिनं), मग पाट्यावर पगारी माणूस बसवावा लागला. ती मजुरी ताटावर चढवली तर महिनेवाले तुटतात, न चढवली तर गल्ला रिकामा. मिक्सर आला, पण त्याआधी नारळ खवावा लागतोच. मग सगळ्या ताटांना एकच भाजलेलं, टिकाऊ वाटण, आणि तीच ती लाल ग्रेव्ही.

वेळ संपली. प्रश्न विचारा, फक्त सोलकढीत लसूण घालावी का, हा वाद आज नको.