रातांब्यातले आम्ल आणि कर्करोगाची पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाच्या तोंडावर कोकणातल्या अंगणांत रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडण्याची लगबग असते. बिया काढून घेतल्या की लालजांभळ्या साली त्याच फळाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवतात आणि त्यांची आमसुले होतात. त्या सालीच्या आंबटपणात मोठा वाटा असतो हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा. कोकमाच्याच जातकुळीतली कुडमपुळी केरळात माशाच्या कालवणात घालतात. तिच्यातले मुख्य आम्ल हेच असल्याचे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस आणि नीलकंठन यांनी 1965 साली दाखवले. हे आम्ल शरीरात चरबी तयार करणाऱ्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, अडवते, असे पुढे काही वर्षांतच लक्षात आले.

आता याचा कर्करोगाशी संबंध काय, हे पाहू. प्रौढ माणसाच्या बहुतेक पेशी आपली स्निग्धाची गरज रक्तातून, म्हणजे बव्हंशी आहारातून आलेल्या चरबीवर भागवतात. कर्करोगाच्या पेशीला मात्र सतत दुभंगायचे असते, दर दुभंगाला चरबीपासून बनणारे नवे पटल लागते, आणि त्यासाठी ती साखरेपासून स्वतःच चरबी बनवू लागते. गाठीच्या ऊतींमध्ये असे घडते, हे 1953 सालीच नोंदले गेले होते. साखरेपासून झालेले सायट्रेट तंतुकणिकेतून, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातून, बाहेर येते, एटीपी सायट्रेट लायेज हे विकर ते फोडून दोन कार्बनांचा तुकडा मोकळा करते, आणि पुढे फॅटी ॲसिड सिंथेज असे तुकडे सांधत सोळा कार्बनांचे पामिटिक आम्ल घडवते. कोकमातले आम्ल दिसायला जवळजवळ सायट्रेटसारखेच असल्याने पहिल्या विकरात त्याची जागा अडवून बसते. हिरव्या चहातले ईजीसीजी आणि अनेक भाज्यांतले ल्युटिओलिन ही द्रव्ये दुसऱ्या विकराला रोखतात.

काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर याचे परिणाम दिसले आहेत, परंतु तेवढ्यावरून वाटीभर सोलकढीला औषध म्हणणे मला मुळीच पटत नाही. हे आम्ल पेशीच्या पटलातून सहजी आत शिरत नाही, म्हणून प्रयोगांत त्याची मात्रा फार मोठी ठेवावी लागते. शिवाय वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या कुडमपुळीच्या अर्काच्या गोळ्या घेतलेल्या काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कर्करोगावर उपचार चालू असताना अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेणे धोक्याचे आहे. आणखी एक अडचण खुद्द गाठीची आहे: घरची चरबी बंद झाली, तर ती रक्तातली ओढून घेऊ शकते.

याच पहिल्या, सायट्रेट फोडणाऱ्या विकराला अडवणारे बेम्पेडोइक आम्ल हे कृत्रिम औषध 2020 साली अमेरिकेत मान्य झाले, पण ते कोलेस्टेरॉलसाठी. ते मुख्यतः यकृतात गेल्यावरच जागे होते आणि स्नायूंच्या पेशींना त्याचा फारसा उपद्रव होत नाही. कर्करोगासाठी गाठीत शिरल्यावरच जागा होणारा असा एखादा रेणू हवा आहे.