पहिले 50 किलोमीटर

मित्रहो, ग्लायडिंगच्या, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने उडण्याच्या, सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड बॅजचा विषय निघाला की नवे ग्लायडर वैमानिक हमखास विचारतात, यातलं सगळ्यात अवघड काय? बहुतेकांच्या मनात उत्तर तयारच असतं: 500 किलोमीटरचा डायमंड. मला तसं वाटत नाही. इतकी वर्षं शिकवून आणि निरीक्षक म्हणून उड्डाणं तपासून माझं मत असं झालंय, की सिल्व्हरचे पहिले 50 किलोमीटर सगळ्यात अवघड.

पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, तरी एकदा उजळणी करू. एफएआय, म्हणजे हवाई खेळांची जागतिक संघटना, सिल्व्हरसाठी तीन गोष्टी मागते: 5 तास हवेत राहणं, 1000 मीटर उंची कमावणं आणि 50 किलोमीटर अंतर. गोल्डला 3000 मीटर आणि 300 किलोमीटर. त्यापुढे तीन डायमंड: आधी जाहीर केलेल्या मार्गाने 300 किलोमीटर, 500 किलोमीटर अंतर आणि 5000 मीटर उंची.

आता 50 किलोमीटरच का? तोवर तुम्ही जे काही उडालात, ते धावपट्टी नजरेत ठेवून. थर्मल (वर चढणारी गरम हवा) सुटलं, सिंक (खाली जाणारी हवा) लागलं, तरी वळून घरी येता येत होतं. आता तो आधार स्वतःहून सोडायचा असतो. हातात कौशल्य असतं, पण मन मागे ओढतं. तळावरच घिरट्या घालत अख्खी दुपार काढलेले चांगले वैमानिक मी पाहिले आहेत. वरती ढग सुंदर, उंची भरपूर, आणि तरी नाक पुढच्या ढगाकडे वळत नाही.

नियम इथे फार विचार करून केलेला आहे. 100 किलोमीटरपर्यंतच्या अंतरात, ओढून वर नेणाऱ्या टो-विमानापासून ग्लायडर सुटण्याची जागा आणि शेवटचा बिंदू यांतला उंचीचा फरक अंतराच्या एक टक्क्याहून जास्त चालत नाही. 50 किलोमीटरला 500 मीटर. 40 ला 1 अशा ग्लाइडचं, म्हणजे 1 मीटर खाली येताना 40 मीटर पुढे जाणारं ग्लायडर 1500 मीटरवर सोडलं, तर शांत हवेत ते एकही थर्मल न घेता 50 किलोमीटर पार करेल. मग बॅज टो-विमानालाच द्यावा लागेल! 500 मीटरवरून मात्र तेच ग्लायडर जेमतेम 20 किलोमीटर जाईल. म्हणजे वाटेत, अनोळखी जमिनीवर, स्वतः थर्मल शोधून वर चढल्याशिवाय सुटका नाही. बॅज त्या चढण्याचा आहे.

याच नियमात एक सापळा आहे. तुम्ही जिथे उतरणार ते मैदान तुमच्या तळापेक्षा 150 मीटर खाली असेल, तर तळाच्या वर 350 मीटरवरच टो सोडावा लागतो. अंतर थोडं जास्त धरलं तर तेवढी सूट वाढते. हा हिशोब न केल्यामुळे उत्तम उड्डाण नामंजूर करण्याची वेळ येते, आणि तेव्हा वैमानिकापेक्षा मला कमी वाईट वाटतं असं समजू नका.

तळाबाहेर, अनोळखी शेतात उतरण्याची भीती खरी आहे, आणि ती सरावानेच कमी होते. 600 मीटरवर आलात की बरा परिसर निवडा, 450 वर नेमकं शेत ठरवा, 300 वर सर्किट, म्हणजे उतरण्याआधीची ठरलेली फेरी, सुरू करा आणि मग थर्मलचा मोह नको. चढाचं शेत उताराच्या शेतापेक्षा कधीही बरं. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून नजर खांबांवर ठेवा. हा सराव प्रशिक्षकाबरोबर मोटर ग्लायडरमध्ये आधी करून घ्या. ज्याने तो केलाय त्याचं नाक पुढच्या ढगाकडे वळतं.

5 तासांबद्दल फार सांगत नाही. पाणी न्या, लघवीची सोय करा, दिवस लवकर सुरू करा. पूर्वी किती वेळ हवेत राहिलं याचे जागतिक विक्रम होत. 1952 साली फ्रान्समध्ये शार्ल आत्जेर एकटा 56 तासांहून जास्त वेळ हवेत राहिला. थकलेला वैमानिक धोक्यात येतो म्हणून ती विक्रमांची शर्यत बंद झाली. 5 तासांची अट राहिली, आणि ती योग्य आहे.

उंचीचं गणित ढगाच्या तळाशी बांधलेलं आहे. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाला साधारण 125 मीटर धरा. फरक 12 अंशांचा, तर ढगाचा तळ 1500 मीटरवर. म्हणजे 1000 मीटर कमवायला तुमचा नीचांक 500 च्या खाली असायला हवा, आणि तो लॉगरवर, म्हणजे उड्डाण नोंदवणाऱ्या यंत्रावर, स्पष्ट दिसायला हवा. 5000 मीटरचा डायमंड बहुधा डोंगरामागे उठणाऱ्या हवेच्या लहरींतच मिळतो. तिथे ऑक्सिजन वर जाण्यापुरता नको, खाली येईपर्यंत पुरला पाहिजे.

300 किलोमीटरला शत्रू घड्याळ आहे. ताशी 60 च्या सरासरीने 5 तास लागतात, आणि चांगली हवा बऱ्याचदा तेवढीच टिकते. ‘अजून थोडे ढग जमू देत’ म्हणून जमिनीवर घालवलेला तास संध्याकाळी शेवटच्या टप्प्यावर भरून द्यावा लागतो.

राहिला पुरावा. एके काळी काजळी धरलेल्या पत्र्यावर बॅरोग्राफची, म्हणजे उंची नोंदवणाऱ्या यंत्राची सुई रेघ ओढायची आणि टर्न पॉइंटचे, म्हणजे मार्गात वळायच्या ठिकाणांचे फोटो काढावे लागायचे. आज उपग्रहावर चालणारा लॉगर सगळं नोंदवतो, पण तो चालू आहे का, हे तुम्हालाच पाहायचं असतं. टर्न पॉइंटच्या जवळून जाणं पुरत नाही; ठरलेल्या क्षेत्रात निदान एक नोंद पडावी लागते. म्हणून तिथे दोन सेकंद जास्त द्या, मगच वळा.

तेव्हा टेकऑफच्या आधी निरीक्षकाकडे या. मार्ग जाहीर करा, लॉगरची बॅटरी दाखवा, आणि टो जास्तीत जास्त किती उंचीवर सोडायचा तो आकडा कागदावर लिहून पॅनेलवर चिकटवा.