चार फेऱ्यांसाठी वीस वर्षं

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत प्रवासी रेल्वे वाढत का नाही, असं विचारलं की बहुतेक जण तिथल्या मोटारींकडे बोट दाखवतात. मोटारी आहेतच. पण नवी गाडी सुरू करायला कोणी खरोखर निघालं, की घोडं अडतं ते दोन प्रश्नांवर. रूळ कोणाचे? आणि गाडी सुरू झाल्यावर दरवर्षीचा तोटा कोणाचा? हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. रूळ कोणाचे, आणि तोटा कोणाचा.

अ‍ॅमट्रॅक ही सरकारी पैशावर चालणारी प्रवासी रेल्वे कंपनी 1 मे 1971 रोजी धावू लागली. खासगी कंपन्यांना प्रवासी गाड्या परवडेनाशा झाल्या होत्या, त्या अ‍ॅमट्रॅकने घेतल्या. रूळ मात्र बहुतेक ठिकाणी त्या कंपन्यांकडेच राहिले, आणि त्यांचा धंदा मालवाहतुकीचा. बोस्टन ते वॉशिंग्टन हा मार्ग बराचसा अ‍ॅमट्रॅकच्या मालकीचा आहे, एडिसन किंवा ट्रेंटनला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या रोजच्या लोकल त्याच रुळांवरून जातात. त्याबाहेर पडलं की अ‍ॅमट्रॅक बहुतेक परक्याच्या रुळांवर चालते.

आता न्यू ऑर्लिन्सची हकिकत ऐका, म्हणजे सगळं उलगडेल.

न्यू ऑर्लिन्सहून समुद्राच्या कडेकडेने पूर्वेला एक लोहमार्ग जातो. मिसिसिपी राज्यातली बे सेंट लुईस, गल्फपोर्ट, बिलॉक्सी, पॅस्कागूला ही चार गावं, आणि मग अलाबामातलं मोबील शहर. अंतर 145 मैल, म्हणजे साधारण 233 किलोमीटर. लॉस एंजेलिसहून फ्लोरिडाला जाणारी सनसेट लिमिटेड या मार्गाने आठवड्यातून तीनदा जायची. (आठवड्यातून तीनदा धावणारी गाडी माझ्या मते गाडीच नव्हे. जिच्या भरवशावर नोकरी, कॉलेज, डॉक्टरची वेळ काहीच ठरवता येत नाही, तिला प्रवासी मिळत नाहीत, आणि मग प्रवासी नाहीत म्हणून तीच बंद करतात. सुरू करायची तर रोज करा, निदान सकाळ-संध्याकाळ.)

29 ऑगस्ट 2005 ला कतरिना वादळ आलं. पूल वाहून गेले, रूळ उखडले. मार्ग सीएसएक्स या मालवाहू कंपनीचा. तिने तो काही महिन्यांत पुन्हा बांधला आणि 2006 च्या सुरुवातीला मालगाड्या धावू लागल्या. म्हणजे रूळ होते, पूल होते, सिग्नल होते. प्रवासी गाडी तेवढी परतली नाही.

फेब्रुवारी 2016 मध्ये अ‍ॅमट्रॅकने पाहणीसाठी एक खास गाडी या मार्गाने नेली. तिच्यात तिकीट काढून कोणाला बसता येणार नव्हतं. तरी गावोगावी स्टेशनवर गर्दी लोटली, माणसं फलक घेऊन, पोरांना घेऊन नुसती गाडी बघायला आली. लोकांना गाडी हवी आहे याचा आणखी पुरावा कशाला हवा होता?

पण रूळ कोणाचे?

अ‍ॅमट्रॅकची मागणी होती रोज दोन गाड्या जायला, दोन यायला. चार फेऱ्या. मालवाहू कंपन्या म्हणाल्या, आधी मार्गाची क्षमता वाढवा, नाहीतर आमचा माल अडेल. यात खोट नव्हती, हेही सांगायला हवं. मार्ग बराचसा एकेरी. कोकण रेल्वेने गेलेल्यांना क्रॉसिंगचं थांबणं माहीत आहे, तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे मालगाडी लूप लाइनला घालून प्रवासी गाडी पुढे काढता येते. अमेरिकेत मालगाड्या दोन-दोन, कधी तीन मैल लांब झाल्या आहेत. साइडिंग, म्हणजे बाजूला थांबायचे रूळ, त्याहून आखूड. एवढी गाडी साइडिंगमध्ये मावतच नाही, मग मोजक्या डब्यांची प्रवासी गाडीच बाजूला उभी राहते. त्यात या मार्गावर उघडणारे पूल आहेत. खालून बोट आली की आधी बोट, मग गाडी. आणि मोबीलला बंदर: रात्रीच्या मुक्कामाला प्रवासी गाडी मुख्य रुळावर उभी राहिली तर बंदराचा माल खोळंबणार, म्हणून तिला वेगळा रूळ हवा.

कायदा अ‍ॅमट्रॅकच्या बाजूने आहे. 1973 पासून प्रवासी गाडीला मालगाडीपेक्षा अग्रक्रम आहे. पण तो मोडला तर खटला भरायचा अधिकार फक्त सरकारच्या न्याय खात्याला. त्या खात्याने पहिला खटला 1979 मध्ये भरला, त्यानंतरचा थेट 2024 मध्ये. कायदा आहे, वचक नाही. जादा गाड्यांसाठी मात्र वेगळी वाट आहे. भूपृष्ठ वाहतूक मंडळ या रेल्वेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय मंडळाकडे जायचं, आणि मालवाहतुकीला अवाजवी अडथळा होतो हे रुळांच्या मालकाने सिद्ध करायचं. मार्च 2021 मध्ये अ‍ॅमट्रॅकने तिथे अर्ज केला. 2022 मध्ये सुनावणी झाली, आणि निकाल लागण्याआधीच नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली. 2023 मध्ये साइडिंग, फाटकं, फलाट यांसाठी सुमारे 17 कोटी 80 लाख डॉलरचं केंद्रीय अनुदान आलं.

रुळांचा प्रश्न सुटला. राहिला दुसरा: तोटा कोणाचा?

2008 चा कायदा सांगतो की 750 मैलांपेक्षा कमी अंतराच्या गाड्यांचा तोटा राज्यांनी भरायचा. लुईझियाना, मिसिसिपी तयार होते. अलाबामाच्या बाजूचा पैसा ऑगस्ट 2024 मध्ये मोबीलच्या नगर परिषदेने मंजूर केला, तोही तीन वर्षांपुरता. अखेर 18 ऑगस्ट 2025 ला गाडी सुरू झाली, नाव मार्डी ग्रा सर्व्हिस. प्रवास चार तासांच्या आत, तिकीट 15 डॉलरपासून. मोटारीने याहून लवकर पोचता येतं, तरी ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्यासाठी ही गाडीच वाट आहे. जे रूळ काही महिन्यांत उभे राहिले, त्यांच्यावर चार फेऱ्या यायला वीस वर्षं लागली.

शहरांतल्या बस आणि मेट्रोचं थोडक्यात सांगतो. तिथे रूळ आपलेच, बस आपलीच. अडतं तोट्यावर. दोन लाखांहून मोठ्या नागरी भागांना केंद्राचा पैसा मुख्यतः बांधकामाला आणि खरेदीला मिळतो. ड्रायव्हरचा पगार, डिझेल, वीज हे सर्वसाधारणपणे स्थानिक तिजोरीतून. नवी बस मिळते, ती चालवणारा मिळत नाही. महामारीत खास मदत आली, ती संपली तसे तिजोरीतले खड्डे उघडे पडले. मोबीलची गाडी सुरू झाली त्याच ऑगस्ट 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या सेप्टा या वाहतूक संस्थेने 32 बसमार्ग बंद केले. काही आठवड्यांत ते परत सुरू झाले, पण कशावर? दुरुस्ती आणि नव्या खरेदीसाठी राखलेला पैसा दोन वर्षं रोजच्या खर्चाला वापरायची परवानगी राज्याने दिली, त्यावर. म्हणजे आजची बस चालावी म्हणून उद्याची बस विकत घ्यायची नाही.

लुईझियानात न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज या गाडीचीही योजना आखली गेली आहे, साधारण 80 मैलांची. तिथले रूळ दुसऱ्या मालवाहू कंपनीचे. ती कंपनी दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून झाली; त्या वेळी, 2023 मध्ये, या गाडीला साथ देण्याचं त्या कंपनीने मान्य केलेलं आहे, त्यामुळे मोबीलसारखं भांडण व्हायला नको. काम आहे ते पुराचं पाणी सोडण्याच्या मैदानावरच्या जुन्या लाकडी पुलाचं. तो बदलल्याशिवाय गाडीला वेग घेता येणार नाही. पूल एकदाच बांधायचा आहे. गाडीचा तोटा दरवर्षी येणार आहे, आणि 750 मैलांचा नियम तिलाही लागू आहे.