जांघेतली तिरकी वाट

(पडद्यावर: पंचवटी, मार्केट यार्ड. टेम्पो भरला जातोय.)

टोमॅटोचं भरलेलं कॅरेट साधारण 20 किलोचं. हमाल वाकतो, दम धरतो आणि एका झटक्यात ते टेम्पोत चढवतो. दम धरला की पोटातला दाब वाढतो आणि पोटाची भिंत जिथे कच्ची, तिथे तो जोर काढतो. जांघ ही तशी जागा. तिथून आतडं बाहेर डोकावलं, की त्याला हर्निया म्हणतात.

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटानं चाचपा. तिथून बोट तिरकं खाली, ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत आणा. या दोन हाडांमध्ये एक चिवट बंध ताणलेला असतो. त्याच्या आतल्या अर्ध्या भागाच्या किंचित वर, स्नायूंच्या थरांमधून, सुमारे 4 सेंटिमीटरची तिरकी वाट जाते. तिला वंक्षण नलिका म्हणतात. पुरुषांत तिच्यातून वीर्यनलिका आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या जातात, स्त्रियांत गर्भाशयाचा गोल बंध.

या वाटेला दोन तोंडं, पण समोरासमोर नाहीत. जुन्या वाड्यात रस्त्यावरचं दार आणि माजघराचं दार एका रेषेत ठेवत नसत, तशीच ही योजना. खोकताना, ओझं उचलताना आजूबाजूचे स्नायू आवळतात आणि मधली वाट मिटते. किती विचारी रचना आहे ही! तान्ह्या बाळात मात्र वाट आखूड असते, दोन्ही तोंडं जवळजवळ एकमेकांवर येतात.

मुळात ही वाट पडते ती जन्माआधी. वृषणं गर्भाच्या पोटात, मूत्रपिंडांजवळ तयार होतात. सातव्या महिन्याच्या सुमारास ती इथून खाली उतरू लागतात आणि पोटाच्या अस्तराची एक पिशवीही सोबत येते. पुढे ती पिशवी बुजते. बुजली नाही, तर बाळ रडताना जांघेत फुगा दिसतो. कुणाची अर्धवट उघडी राहिलेली पिशवी थेट तिशीत, ओझ्याखाली भरते. म्हणून ‘वजन उचललं आणि हर्निया झाला’ हे अर्धंच खरं.

हर्नियाचा दुसरा प्रकार उतारवयातला. इथे आतडं त्या वाटेच्या आतल्या तोंडातून न येता मागची झिजलेली भिंतच पुढे ढकलतं. जुना खोकला, शौचाला कुंथणं, वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीमुळे लघवीला लावावा लागणारा जोर, सगळं तिथे साचत जातं. दोन्ही प्रकारांच्या मधून एक रक्तवाहिनी वर जाते. शस्त्रक्रियेत सर्जन तिच्यावरूनच प्रकार ओळखतात.

बायकांच्या बाबतीत थोडं थांबायला हवं. दोन हाडांमधल्या त्या चिवट बंधाच्या खाली, मांडीच्या मुळाशी होणारा हर्निया त्यांच्यात पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. गाठ छोटी, म्हणून ‘अवधाण (पायाच्या जखमेमुळे जांघेत येणारी गाठ) असेल’ म्हणत दिवस जातात. पण ते तोंड अरुंद आणि कडक असतं, आतडं तिथे सहज अडकतं.

(पडद्यावर: दवाखान्याबाहेरचा बाक.)

जांघेतली गाठ सांगायची लाज वाटते. मग दुकानातून पट्टा आणला जातो. पट्ट्यानं गाठ दबते, भोक बुजत नाही. आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ एक दिवस जात नाही, कडक होते, ठणकते, उलट्या सुरू होतात. आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. रात्र असो, गाव सुरगाण्यासारख्या दुर्गम भागातलं असो, तेव्हा गाठ दाबत बसायचं नाही, पोटात काही घ्यायचं नाही. थेट सर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं.

वेळेत आलं तर काम सरळ आहे. लहान मुलांत फक्त पिशवी बांधतात. मोठ्यांत भिंतीला बहुधा जाळी लावतात, दुर्बिणीतून किंवा छोट्या छेदातून. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनी 2001 मध्ये जाळीविना पद्धत मांडली: रुग्णाच्याच पोटावरच्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याची पट्टी, दोन्ही टोकांनी मूळ जागी जोडलेली ठेवून, मागच्या भिंतीला शिवायची.