चित्र टांगायचं कुठे?

मालवणजवळच्या एका शाळेचा हॉल. परवा इथे मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे, आणि घोडं अडलंय ते भिंतींपाशी.

भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, गिलावा नसलेल्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर घट्ट होतो. पण अंग खडबडीत, भोकाभोकांचं. चिकटपट्टी धरत नाही. खिळा ठोकला की लाल भुगा थेट चित्रावर. त्यात ही खारी हवा. गेल्या वर्षीचं हे चित्र बघा: चारही कोपऱ्यांत टाचण्यांच्या गंजाचे तांबूस डाग, आणि दमटपणाने मधोमध फुगलेला कागद.

तेव्हा भिंतीचा नादच सोडला. पहिली कल्पना अर्थातच मासेमारीचं जाळं! फोटो झकास आले. पण समोर उभं राहिलं की नजर गाठींवरूनच फिरत राहते. जाळं दिसतं, चित्र दिसत नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलात ते शोभतं, तिथेच राहू दे.

मग घरोघरच्या माटव्या आल्या. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधतात ती लाकडी चौकट. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं पेलणारी. तिला कागदाचं ओझं ते काय! पट्टीला तंगूसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनचा, दोरा बांधला, चित्र लटकवलं.

“बाई, ह्यां गरगर फिरता!”

एका दोऱ्यावर फिरणारच. दोन कोपऱ्यांना दोन दोरे लावले, तेव्हा थांबलं. दारातून वारा आला की मात्र झोके सुरूच. त्यावर उपाय एका मुलाने घरून आणला: जाळ्याच्या खालच्या दोरीला असतात त्या शिशाच्या गोळ्या. खालच्या कोपऱ्यांना एकेक बांधली. शिसं हाताळलंत, हात धुवा, हे बाईंचं पालुपद तेव्हापासून चालू आहे.

उंचीवरून थोडा वाद झाला. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटीमीटरवर ठेवतात. इथे बघायला येणार पहिली-दुसरीची पोरं. दोरे सैल सोडले, चित्रं खाली आली. मोठ्यांनी वाकावं.

आता अधांतरी चित्राची पाठही दिसते. ती कोरी का ठेवायची? दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथीत हेच करतात. कागद दोन्ही बाजूंनी रंगलेला, सगळ्या चित्रांची मिळून एक पोथी. पण ती टांगत नाहीत. वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा सांगत एकेक चित्र समोर धरतात. प्रसंग संपला की पुढचं. याच परंपरेसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली.

त्यामुळे हॉलचा एक कोपरा मोकळा ठेवलाय. तिथे एक पाट, चित्रांचा गठ्ठा, आणि चित्रामागची गोष्ट सांगणारी आठवीतली मुलगी. अडचण एकच: मध्येच येणाऱ्याला अर्धीच गोष्ट मिळणार. म्हणून दाराबाहेरच्या फळ्यावर खडूने वेळा लिहिल्यात. दर तासाला एक खेळ. मधल्या सुट्टीत बंद.