पेट्रोल वाढतंय कसं?

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं.

आज विषय फक्त पेट्रोलच्या काट्याचा आहे. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा काटा कधी ना कधी फसवतो, आणि लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात ते यावरच, कारण मोजायच्या आधी पार्ट बदलतात. माझंही तसंच झालं. म्हणून मी आधी काय घडलं ते सांगतो.

माझी गाडी १९७२ ची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आपण आत्ता ऑक्सफर्डमध्ये बसलोय आणि ही गाडी जिथे बनली ते अॅबिंग्डन इथून जेमतेम सहा-सात मैलांवर आहे. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं तिथे या गाड्या बनल्या, पाच लाखांच्या वर बनल्या, आणि १९८० मध्ये कारखानाच बंद झाला. टाकी बारा गॅलनची, म्हणजे साधारण साडेचोपन्न लिटर. काटा एकच, आणि रिझर्व्हचा लाल दिवा वगैरे काही नाही. आपल्याकडे बजाज स्कूटरला काटाच नसायचा, पण निदान रिझर्व्हचा कॉक होता, आणि अगदीच वेळ आली तर स्कूटर आडवी करून दोन किलोमीटर निघायचे. इथे ती सोय नाही.

दोन वर्षांपूर्वी आई सांगलीहून आली होती. डिसेंबर, पाऊस, संध्याकाळी साडेचारलाच अंधार. न्यूबरीहून ए-३४ या हमरस्त्याने घरी येत होतो. न्यूबरीच्या ट्रॅफिकमध्ये वायपर चालू, हेडलाइट चालू, हीटरचा पंखा चालू, आणि काटा अगदी तळाला टेकायला आलेला. मी म्हटलं, पुढे पंप लागला की भरू. हमरस्त्याला लागलो, वेग घेतला, आणि पाच मिनिटांनी आई म्हणाली, "अरे, मगाशी काटा खाली होता, आता वर आलाय. पेट्रोल वाढतंय कसं?"

मी बघितलं तर काटा पाव टाकीच्या जरासा खाली. मला वाटलं मघाशी चढ होता, पेट्रोल एका बाजूला गेलं असेल, आता बरोबर दाखवतोय. पंप लागला, मी थांबलो नाही. नंतर चारेक मैलांवर मागून टकटकटकटक असा जोरात आवाज यायला लागला आणि गाडी बंद पडली. सुदैवाने ले-बाय, म्हणजे रस्त्याकडेची गाडी थांबवायची जागा, समोरच होता, ढकलत नाही पण घरंगळत तिथवर पोचलो. बाजूने ट्रक सुसाट जातायत, आई शाल घेऊन बसलीय, आणि टाकी पूर्ण कोरडी. तो आवाज एसयू कंपनीच्या इलेक्ट्रिक पंपाचा होता, टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या. पेट्रोल असलं की तो सावकाश टिक... टिक करतो, आणि पेट्रोलऐवजी हवा ओढायला लागला की असा धावत सुटतो. जुन्या ब्रिटिश गाड्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हा आवाज ओळखायला शिका, तो काट्यापेक्षा खरं बोलतो.

मग गाडी एका गॅरेजमध्ये दिली. त्यांनी ऐकून घेतलं आणि टाकीतला सेंडर बदलला, सेंडर म्हणजे फ्लोट असतो ते युनिट. नवा पार्ट, टाकी रिकामी करायची मजुरी, सगळं झालं. गाडी घरी आणली तर काटा तसाच, वेग घेतला की वर, सिग्नलला उभं राहिलं की खाली. उलट नवा सेंडर जुन्याइतका बरोबरही दाखवत नव्हता, टाकी फुल असताना पाऊण दाखवायचा. म्हणून सांगतो, जुना ओरिजिनल सेंडर कधी फेकून देऊ नका, हल्ली मिळणाऱ्या सेंडरचं माप मूळ गेजशी, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्याशी, जुळेलच असं नाही.

तेव्हा मी ठरवलं की आता आधी समजून घ्यायचं, मग हात लावायचा. आणि आईने जे विचारलं होतं ना, त्यातच सगळं उत्तर होतं.

हा काटा चालतो कसा ते बघा. टाकीत फ्लोट तरंगतो, त्याची दांडी एका तारेच्या वेटोळ्यावरून सरकते, तसा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. तो ओहममध्ये मोजतात. माझ्या गाडीत टाकी फुल असताना सुमारे वीस ओहम आणि रिकामी असताना सुमारे दोनशे चाळीस. डॅशबोर्डवरच्या गेजमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते, तिच्याभोवती बारीक तार गुंडाळलेली. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणजे हा काटा खरं तर उष्णता मोजतो. म्हणूनच तो आळशी असतो, चावी फिरवल्यावर आरामात वर चढतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळलं तरी हलत नाही.

आता यात एक भानगड अशी की उष्णता व्होल्टेजवर अवलंबून असते आणि गाडीतलं व्होल्टेज काही स्थिर नसतं. म्हणून मध्ये एक छोटा डबा बसवतात, व्होल्टेज स्टॅबिलायझर. तो गेजला सरासरी दहा व्होल्टच देतो. त्याच्या आतही तशीच जोडपट्टी असते, ती तापली की कॉन्टॅक्ट उघडतो, गार झाली की बंद होतो, असं सारखं चालू-बंद करून सरासरी दहा काढतो. पण त्याच्या आतल्या हीटरला अर्थ, म्हणजे अर्थिंग (गाडीच्या बॉडीशी विजेचा जोड), लागतो, आणि तो अर्थ मिळतो डब्याच्या अंगातून, एका स्क्रूवाटे. तो स्क्रू सैल झाला, गंजला, किंवा कुणी रंगावरच बसवला, तर पट्टी तापत नाही, कॉन्टॅक्ट कायम चिकटलेला, आणि गेजला दहाच्या जागी बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज. हमरस्त्यावर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, चौदा व्होल्ट देतो. दहाचे चौदा म्हणजे दीडपटही नाही असं वाटेल, पण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, चौदाचा वर्ग १९६, दहाचा १००, म्हणजे जवळजवळ दुप्पट उष्णता! रिकामी टाकी पावाला पोचली ती अशी. आणि ट्रॅफिकमध्ये दिवे, वायपर, पंखा चालू असताना व्होल्टेज खाली, म्हणून काटा खाली. आई जे बघत होती ते पेट्रोल नव्हतंच, ती अल्टरनेटर बघत होती.

डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झोपून हात घातला तर तो डबा नुसता हलत होता. कधी अर्थ लागायचा, कधी सुटायचा. स्क्रू काढला, जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, परत घट्ट बसवला. खर्च शून्य. डबा सरळच बसवायचा असतो, वरची बाजू वरच, उलटा-तिरका लावला तरी तो चुकतो.

आता तुमच्या गाड्यांचं. घरी भारतात कुणाकडे फियाट असेल, अॅम्बॅसेडर असेल, इथे कुणाकडे मॉरिस मायनर आहे मला माहितीय. सगळ्यात आधी काट्याची जात ओळखा. चावी फिरवल्यावर सावकाश चढत असेल तर माझ्यासारखा, गरम होणारा. झटकन उठत असेल, खड्ड्यात नाचत असेल तर तो चुंबकाचा, त्याला स्टॅबिलायझर नसतो. ही ओळख पटल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण एकच बिघाड दोघांत उलटा दिसतो. टाकीची वायर तुटली तर माझा काटा रिकामं दाखवेल, पण १९६४ च्या आधीच्या एमजीबीत जो स्मिथ्स कंपनीचा चुंबकाचा काटा होता तो वायर तुटली की कायम फुल दाखवतो. टाकीचा अर्थ खराब झाला तरी तेच, माझ्यात काटा कमी दाखवतो, त्यात जास्त. दुसऱ्याच्या गाडीवरचा उपाय आपल्या गाडीवर करताना लोक इथेच फसतात.

अर्थ कसा तपासायचा? मल्टिमीटरचं एक टोक सेंडरच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला (गाडी पॉझिटिव्ह अर्थ असेल, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असेल, तर पॉझिटिव्हला), चावी बंद ठेवून. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. नवी रंगवलेली टाकी बसवली आणि काटा बिघडला असं ऐकलं की मी डोळे मिटून सांगतो, बोल्टखालचा रंग खरवडा. मग ती हिरवी-काळी वायर, लुकास या ब्रिटिश वायरिंग कंपनीच्या रंगांप्रमाणे गेजपासून टाकीकडे जाणारी. तिचे डिकीतले जोड ओढून बघा, आत हिरवट बुरशी असते, ती घासून साफ करायची.

गेज तपासायला लोक टाकीकडची वायर बॉडीला टेकवतात. क्षणभर ठीक, पण मला ते आवडत नाही, एक तर ठिणगी, दुसरं गरम होणाऱ्या काट्याला फुलच्याही पलीकडे फार वेळ ताणलं तर तो कायमचा बिघडतो. त्यापेक्षा अगदी स्वस्तात मिळणारा अडुसष्ट ओहमचा रेझिस्टर घ्या, सेंडरच्या जागी लावा, मग चावी फिरवा आणि मिनिटभर थांबा. काटा अर्ध्यावर आला तर गेज, वायर, स्टॅबिलायझर सगळं ठीक, दोष टाकीत. नाही आला तर टाकीला हातच लावायचा नाही. हा एक प्रयोग त्या गॅरेजमध्ये केला असता तर माझा सेंडर वाचला असता.

स्टॅबिलायझर डिजिटल मीटरने बघाल तर आकडे शून्य आणि बारामध्ये उड्या मारतील, घाबरू नका, तो तसाच चालतो. जुना काट्याचा मीटर किंवा छोटा बल्ब लावा, बल्ब लुकलुकला पाहिजे. सलग जळत राहिला तर अर्थ गेलाय किंवा डबा गेलाय. हल्ली इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर मिळतात, ते सलग दहा व्होल्ट देतात, त्यात लुकलुक नसते, पण गाडी पॉझिटिव्ह अर्थ की निगेटिव्ह हे सांगूनच घ्यावे लागतात. आणि ज्यांच्या गाडीत टेंपरेचरचा काटाही त्याच डब्यावर चालतो त्यांना फार सोपं आहे, दोन्ही काटे एकदम वेडे झाले तर तिसरीकडे शोधायचंच नाही. माझ्या गाडीत टेंपरेचर वेगळ्या नळीवर चालतं, म्हणून मला तो पुरावा मिळाला नाही.

एवढं करूनही सेंडरवरच संशय असेल तरच तो काढा. आणि हे मात्र कळकळीने सांगतो, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, म्हणून हे काम गॅरेजमधल्या गाडीखालच्या खड्ड्यात किंवा बंद गॅरेजमध्ये करू नका. बॅटरी सोडवा, टाकी रिकामी करा, कारण एमजीबीचा सेंडर बाजूला असतो, आणि त्याला धरून ठेवणारी रिंग फिरवायला पितळेचा तुकडा वापरा, लोखंडावर लोखंड नको. बाहेर आला की दांडी हळूहळू वरखाली करत ओहम बघा. आकडा सलग सरकला पाहिजे. मध्येच कुठे तुटला तर तिथे तार झिजलीय, बहुतेक मध्यावर झिजते कारण आपण टाकी पूर्ण रिकामीही करत नाही आणि पूर्ण भरतही नाही. फ्लोट कानाशी हलवा, आत डुचमळलं तर त्यात पेट्रोल शिरलंय. गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे भोक. पण आत पेट्रोल असताना त्याला डाख लावायला, म्हणजे सोल्डर करायला, कुणी आच दाखवली तर फ्लोट हातात फुटेल, नवाच घ्या. परत बसवताना रबरी सीलही नवं, इथे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालंय, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, भारतात तर ई-२० आहे, आणि इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं.

सगळं झाल्यावर मी एक काम केलं, ते तुम्हीही करा. टाकी कोरडी केली, पाच-पाच लिटर कॅनने घातले, दर वेळी दोन मिनिटं थांबून काटा कुठे आला ते पुठ्ठ्यावर काढलं. जुना सेंडर परत लावलाय, तो शेवटचे सात लिटर दाखवतच नाही, आधीच रिकामं म्हणतो. ते मला चालतं. तो पुठ्ठा ग्लोव्हबॉक्समध्ये असतो, आणि आई फोनवर अजून विचारते, "पुठ्ठा बघितलास का?"

गाडी बाहेर उभी आहे. पाऊस थांबलाय असं दिसतंय, तर प्रश्न तिकडेच घेऊ, बल्ब आणि रेझिस्टर मी खिशात घेऊन आलोय.