रेशो वाढला म्हणून कार्बन बिघडत नाही

नमस्कार मंडळी. एवढ्या उन्हात आलात, बरं वाटलं. विषय दिलाय रामन स्पेक्ट्रोस्कोपीने, म्हणजे पदार्थावर प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशाचा बदललेला रंग मोजून, कार्बनची रचना कशी ओळखायची, आणि ग्राफ कसा वाचायचा ते मी शेवटी सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण तिच्यापायी चांगल्या चांगल्या पोरांचं काम वाया जातंय.

२८ फेब्रुवारी १९२८, कोलकाता, सी. व्ही. रामन यांचा शोध, ते तुम्हाला पाठ आहे, विज्ञान दिनाला दर वर्षी ऐकता. मी एवढंच म्हणतो की लेझर आला १९६०ला, म्हणजे रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी सुरुवातीचे प्रयोग चक्क उन्हावर केले. आता ऊन हाच निकष असता तर सोलापूरला दोन-तीन नोबेल यायला हवी होती! पण विचार करा, कोटीभर फोटॉन पडले तर त्यातला एखादाच रंग बदलून परत येतो, आणि तो त्यांनी डोळ्याने पकडला.

बरं, गोष्ट. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती ते सांगायला नको, बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, भरपूर. एका मुलीने बगॅस नायट्रोजनमध्ये ६००, ८०० आणि १००० डिग्रीला तापवला, फर्नेसपाशी रात्री जागून. रामनला सॅम्पल बाहेरगावी पाठवलं, रिपोर्ट आला, आणि त्यात ग्राफवरच्या दोन शिखरांच्या, डी पीक आणि जी पीकच्या, उंचीचा रेशो, आपण आय-डी बाय आय-जी म्हणतो तो, तापमानाबरोबर वाढत गेलेला. परीक्षक म्हणाले, रेशो वाढला म्हणजे डिफेक्ट, म्हणजे रचनेतले दोष, वाढले, हजारचं सॅम्पल खराब झालंय, काढून टाका. तिने मुकाट्याने काढलं. आणि त्याच थिसिसमध्ये चार पानं मागे तिचीच कंडक्टिव्हिटीची मापं होती, सगळ्यात चांगलं वीज वाहून नेणारं सॅम्पल कोणतं? हजारचंच! ही दोन पानं शेजारी ठेवून कुणीच बघितली नाहीत. मला याचा अजून राग येतो.

चूक येते कुठून ते बघा. १९७०ला टुइन्स्ट्रा आणि कोनिग यांनी दाखवलं की ग्राफाइटचे स्फटिक जितके लहान तितका रेशो मोठा. बरोबर आहे ते, पण ग्राफाइटसाठी. २०००मध्ये फेरारी आणि रॉबर्टसन यांनी स्पष्ट मांडलं की स्फटिक साधारण दोन नॅनोमीटरपेक्षा लहान असतील तर हा नियम उलटा होतो. कारण जी पीक, १५८० प्रति सेंटिमीटरच्या (हे ग्राफच्या आडव्या अक्षाचं एकक) आसपासचा, तो कार्बनच्या दोन अणूंमधल्या बंधाच्या ताणण्याचा, त्याला अणूंच्या कड्यांची, म्हणजे रिंगांची, गरज नाही. डी पीक, १३५०च्या जवळचा, तो सहा अणूंच्या कड्याच्या आकुंचन-प्रसरणाचा, आणि त्याला कडंही लागतं आणि जवळपास काठ किंवा डिफेक्टही लागतो. चादरीचंच घ्या, मागावर नुसते धागे असतील तर कापडच नाही, मग काठ कुठून येणार? लहान लहान तुकडे विणायला लागलात की काठ वाढतात, आणि ते तुकडे जोडून मोठी चादर झाली की काठ परत कमी. बगॅसचा कोळसा हजार डिग्रीपर्यंत त्या पहिल्या टप्प्यात असतो, तिथे रेशो वाढणं म्हणजे कडी तयार होणं. म्हणजे सुधारणा!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग पटापट.

ग्राफ हातात आला की आधी लेझर कोणता ते बघा. ५३२ नॅनोमीटर आणि ७८५चे रेशो एका टेबलात घालू नका, रेशो लेझरप्रमाणे बदलतो, आणि डी पीक तर जागासुद्धा बदलतो, लेझरची ऊर्जा एक इलेक्ट्रॉन व्होल्टने वाढली की साधारण ५० प्रति सेंटिमीटर पुढे. यंत्र तपासायला वापरतात तो सिलिकॉनचा ५२०.५चा पीक जागेवर आहे का हे विचारा, नसेल तर पुढचं सगळं सरकलेलं. पॉवर कमी ठेवायला सांगा, काळं सॅम्पल तापतं आणि जी पीक खाली घसरतो. रेशोबरोबर पीकची रुंदी लिहाच, रुंदी कमी होतेय आणि रेशो वाढतोय तर घाबरू नका. हिऱ्याचा एकच बारीक पीक, १३३२ला, तो डी समजू नका. आणि २७००जवळचा टूडी पीक, तो एकेरी, बारीक आणि जीपेक्षा उंच असेल तर ग्राफीन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, म्हणा, पसरट उंचवटा असेल तर कृपा करून म्हणू नका. बगॅसला ग्राफीन म्हणायची गरजच काय आहे? त्यापासून हार्ड कार्बन होतो, रोझलिंड फ्रँकलिन यांनी १९५१लाच दाखवलं होतं की काही कार्बन कितीही तापवले तरी ग्राफाइट होत नाहीत, आणि आज सोडियम-आयन बॅटरीला नेमका तसलाच कार्बन हवाय.

डीच्या खांद्यावरच्या लहान पीकचं राहिलं, ते प्रश्नांमध्ये घेऊ. ज्यांनी ग्राफ आणलेत त्यांनी इकडे टेबलापाशी या, बगॅसवाले आधी.